उजवीकडची घडी

लग्नाआधी मी पुण्यात एका फॅशन फोटोग्राफरच्या स्टुडिओत दोन वर्षं काम केलं. माहेर पालमचं, वडील शाळेत क्लार्क. पोरगी कॅमेरा शिकायला पुण्याला गेलीय हे त्यांनी नातेवाइकांना बरेच दिवस कळू दिलं नव्हतं. कॉम्प्युटरचा कोर्स करतीय, असं सांगायचे. खरं म्हणजे त्या स्टुडिओत मी कॅमेरा कमी आणि उजेडच जास्त उचलला. दिव्यांचे स्टँड हलवायचे, दिव्यापुढं पांढरं कापड ताणून बांधायचं, थर्माकोलचा तक्ता धरून तासन्‌तास उभं राहायचं. पण तिथं एक गोष्ट पक्की कळली. उघडा, कडक उजेड चेहऱ्यावरचं सगळं वर काढतो. खड्डे, सुरकुत्या, घाम, जागरण. तोच उजेड कापडातून गाळून, थोडा पिवळसर करून, बाजूनं आणि जवळून सोडला की माणूस दहा वर्षांनी लहान आणि सुखी दिसायला लागतं. त्या मऊ उजेडाचं मला वेडच लागलं. बसमध्ये, दवाखान्यात, कुणाच्या मयतीला गेले तरी माझं लक्ष खिडकी कुठल्या बाजूला आहे तिकडं जायचं.

लग्न होऊन परभणीला आले. नवरा ज्युनियर कॉलेजात शिकवतो. घराच्या पुढच्या खोलीत मी स्टुडिओ थाटला आणि पहिली तीन-चार वर्षं बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणं यांतच गेली. लोकांना चेहरा पांढराफटक लागायचा. फ्लॅश उडाला नाही तर फोटो काढलाच नाही असं त्यांना वाटायचं. मी पडदे लावून, दिवा भिंतीकडं तोंड करून ठेवला की बाया म्हणायच्या, ताई, लाइट तिकडं कुठं दाखवायलात, आम्ही इकडं हाव.

मग गावातल्या एका साड्यांच्या दुकानाचे मालक आले. साड्यांचे फोटो मोबाइलवर टाकायचं त्यांनी नुकतंच सुरू केलं होतं, पण त्यांच्याकडच्या फोटोत रेशीम प्लास्टिकसारखं चमकत होतं. मी एक साडी खिडकीत धरून त्यांना दाखवली. उजेड बाजूनं आला की काठाची वीण दिसते, रंग खोल होतो, कापड हाताला कसं लागेल ते डोळ्याला कळतं. त्यांना ते पटलं. वर्षभर मी त्यांचं काम केलं. कॉलेजच्या पोरी यायच्या, नटून बसायच्या, फोटो त्यांच्याही स्टेटसला जायचे. माझं नाव व्हायला लागलं होतं.

एक दिवस ते इरकल साड्यांचा गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, आता पोरी बास झाल्या. इरकल जन्मभर नेसलेली एखादी बाई दाखवा, खरी बाई. मला विचार करावाच लागला नाही. माझ्या डोळ्यापुढं सासूबाई आल्या.

सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या गावाकडं, झरीला, एकट्याच राहायच्या. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. शेत बटईनं दिलेलं. परभणीला या म्हटलं तर म्हणायच्या, तिथं सकाळी उठून बघायचं काय? काळ्यासावळ्या, उंच हाडाच्या. नाकपुडीपासून ओठाच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी इतक्या खोल घड्या की नांगरट केल्यासारख्या. आमच्यात भांडण नव्हतं आणि लळाही नव्हता. मी गेले की त्या चहा टाकायच्या, मी भांडी घासायची, त्यांच्या पोराच्या तब्येतीचं बोलणं व्हायचं आणि संपायचं. माझ्या धंद्याबद्दल एकदाच बोलल्या होत्या. लोकांच्या बायका उजेडात बसवायच्या आन् आपण अंधारात उभं ऱ्हायचं, ह्यो काय धंदा हाय?

फोटोला बसाल का, असं मी विचारलं तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. पण त्यांनी साड्या हातात घेतल्या, काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, सूत चांगलं हाय. तो होकार होता.

हिवाळ्याचे दिवस होते. नवऱ्याला कॉलेजात परीक्षेची ड्युटी होती म्हणून मी एकटीच सकाळी स्कूटीवर सामान बांधून झरीला गेले. बाहेरच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे आणि भिंतीला हळदीसारखा पिवळा रंग. त्या खोलीवर माझा कधीपासून डोळा होता. खिडकीला लावायला मी सासऱ्यांचं एक जुनं धोतर आधीच परभणीला नेऊन चहाच्या पाण्यात उकळून आणलं होतं. पांढऱ्या कापडातून येणारा उजेड थंड वाटतो; चहाचा रंग चढला की तो उतरत्या उन्हासारखा होतो. आत्याबाईंनी ते खिडकीत टांगलेलं बघितलं आणि म्हणाल्या, माणूस गेलं तरी धोतराला सुट्टी न्हाई.

त्यांची मिश्री लावून झाली होती. पहिल्या साडीत त्या पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या ताठ बसल्या. दुसरीत थोड्या सैल झाल्या. तिसरी साडी वांगी रंगाची होती, लाल काठाची, आणि ती नेसून त्या स्टुलावर बसल्या तेव्हा ऊन बरोबर खिडकीच्या मध्यावर आलं होतं. त्यांच्या डाव्या अंगानं उजेड, उजव्या अंगाला मी थर्माकोलचा तक्ता खुर्चीला टेकवून ठेवलेला, सावली हलकी करायला. डोक्यावरून पदर, आणि पदराचं टोक उजव्या हातात धरायला सांगितलेलं. मी बघितलं आणि मला कळलं की आज ते होणार आहे. ज्यांनी कधी असं काम केलंय त्यांना हे कळेल. अंगावर काटा येतो आणि आजूबाजूचं काही ऐकू येईनासं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, “हाताला मुंग्या आल्यावानी व्हायलंय गं.”

मी म्हणाले, पाचच मिनिटं. हा उजेड परत मिळायचा नाही.

त्या आणखी काहीतरी बोलल्या. शब्द जड आले. तोंडात मिश्री असली की त्या सकाळी तशाच बोलायच्या, म्हणून मी काय म्हणालात असंही विचारलं नाही. उलट म्हणाले की बोलू नका, ओठ हलतात.

मग पदर त्यांच्या हातातून सुटला. मी कॅमेरा सोडून गेले, पदराचं टोक त्यांच्या बोटांत दिलं आणि बोटं मिटवली. ती पुन्हा उघडली. मी म्हणाले, धरा ना नीट. दुसऱ्यांदा पदर मी बोटांत गुंडाळूनच ठेवला. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. मी बघत होते ते पदराची चुणी कशी पडलीय.

कॅमेऱ्याशी परत येऊन बघितलं तर उजवीकडची ती खोल घडी गेलेली होती. डावीकडची होती, उजवीकडची नव्हती. गाल गुळगुळीत, आणि ओठांवर एका बाजूनं अगदी बारीक हसू आल्यासारखं. मला वाटलं थर्माकोल बरोबर जागी बसला. पुण्यात दोन वर्षं ज्यासाठी हमाली केली ते मला माझ्या सासूच्या घरी, एका धोतरात आणि एका तक्त्यात जमलं. मी अकरा फोटो काढले.

झालं म्हटल्यावर त्या भिंतीला धरून उठल्या. तेही मी बघितलं. इतका वेळ बसून पाय अवघडला असेल असं वाटलं. पडा थोडा वेळ, असं मी म्हणाले आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. मी बाहेर लॅपटॉप उघडला.

त्या दोन-अडीच तासांचा मला आता हिशेब लावता येतो, तेव्हा लागत नव्हता. मी अकरातला एक निवडला. रंग थोडा आणखी पिवळसर केला, भिंत थोडी अंधारी केली, डोळ्यातली चमक वाढवली. चेहऱ्यावर काहीच करावं लागलं नाही. इतका वेळ मी त्यांचा चेहरा बोटभर अंतरावरून बघत होते, मोठा करून, एकेक केस मोजता येईल असा. साडेअकराच्या सुमाराला तो दुकानाच्या मालकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. ताई, हे काय केलंत तुम्ही, म्हणाले. मी हसत हसत बोलत होते. ते बोलणं संपवून मग मी जेवणाचं विचारायला आत गेले.

डोळे उघडे होते. तोंड वाकडं झालेलं, गादी ओली. त्या माझ्याकडं बघून काही बोलायचा प्रयत्न करत होत्या आणि नुसता आवाज येत होता.

शेजारच्यांनी शेताकडं गेलेली गाडी बोलावून घेतली, त्यात तासभर गेला. परभणीला पोचेपर्यंत दीड वाजला. नवरा परस्पर दवाखान्यात आला. मेंदूचा फोटो काढला, मग डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावलं आणि विचारलं, “यांना शेवटचं नीट कुणी बघितलं, आणि कधी?”

मी म्हणाले, मी बघितलं. आठ वाजता चांगल्या बोलत होत्या, नऊनंतर जरा पडल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली की पहिल्या चार-साडेचार तासांत एक इंजेक्शन देता येतं, आता ती वेळ गेलीय, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत झालं असेल, कुणाच्या लक्षात येत नाही, असंही म्हणाले. बाहेर आल्यावर नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तू तिथं होतीस म्हणून निदान आजच्या आज कळलं, म्हणाला. एकटी असती तर दोन दिवस कुणाला पत्ता लागला नसता. भेटायला येणारे सगळे तेच म्हणाले. सुनेच्या पायगुणानं वाचली म्हणाले. मी मान हलवायची. तोवर मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून ते कौतुक मला थोडं बरंही वाटलं.

दुकानवाल्यांनी फोटो त्याच दिवशी टाकला होता. दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना माझा मोबाइल थांबायला तयार नव्हता. किती शांत चेहरा. आयुष्याचं समाधान म्हणतात ते हेच. आमची आई अशीच हसायची. लोक ओळखीच्या लोकांना पाठवत होते, ते पुढं पाठवत होते. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या फोटोग्राफरांचा मेसेज आला. दोन वर्षांत या माणसानं मला चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, हे अर्धं हसू कसं मिळवलंस? आत आत्याबाईंना नळीनं दूध चाललं होतं. मी बाहेर कॅन्टीनच्या पायरीवर उभी राहून उत्तर लिहिलं, खिडकी आणि चहात उकळलेलं धोतर. पुढं हसण्याचं चित्र टाकलं. मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

पंधरा दिवसांनी आत्याबाईंना आमच्या घरी आणलं. उजवा हात-पाय गेलेला, बोलणं गेलेलं. त्याच आठवड्यात दुकानवाल्यांचा फोन आला की त्यांना रस्त्यावर मोठा बोर्ड लावायचाय, फोटोची मोठी फाइल पाठवा. म्हणून मी त्या दिवसाचे सगळे फोटो परत उघडले. बटण दाबत एकामागून एक सरकवत होते. पहिली साडी, दुसरी साडी, मग वांगी. आणि सरकवता सरकवता तो चेहरा हलला. उजवीकडची घडी होती, होती, मग उथळ झाली, मग गेली. ओठाचं उजवं टोक खाली उतरलं. डावं होतं तिथंच राहिलं, म्हणून ते वर उचललेलं दिसत होतं, म्हणून हसल्यासारखं दिसत होतं. उजव्या डोळ्याची पापणीसुद्धा. मी मागं गेले, पुन्हा पुढं आले. दहा-बारा वेळा तेच केलं. कॅमेरा प्रत्येक फोटोची वेळ लिहून ठेवतो. पावणेनऊला चेहरा सरळ होता. नऊला सहा मिनिटं कमी असताना वाकडा होता.

घडी माझ्या उजेडानं गेली नव्हती. त्या माझ्यापुढं बसून लुळ्या पडत होत्या आणि मी त्यांची बोटं मिटवत होते. तेव्हाच गाडी काढली असती तर दहाच्या आत आम्ही दवाखान्यात असतो.

कडक उजेड असता तर दिसलं असतं. फ्लॅश मारून काढणाऱ्या कुठल्याही माणसाला दिसलं असतं.

मी ती फाइल पाठवली. ते का केलं याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. बोर्ड लागला. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन मजले उंच आत्याबाई. पिंगळी गावच्या माझ्या एका मैत्रिणीनं रेल्वेतून उतरल्या उतरल्या तो बघितला आणि मला अभिनंदनाचा फोन केला. मी भाजी आणायला लांबच्या रस्त्यानं जायला लागले. नवरा मात्र रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला जायचा. येताना कधीकधी तिथं गाडी थांबवतो, म्हणाला. आईला असं चांगलं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर समोरच लावून घेतला होता.

मी आत्याबाईंचं सगळं करत होते. अंघोळ, मालिश, व्यायाम, भरवणं. कुणाला वाटेल मी प्रायश्चित्त घेत होते. तसं काही नव्हतं. घरात दुसरं कोण होतं? स्टुडिओ तीन महिने बंद राहिला. त्या मला बघायच्या. डाव्या बाजूनं घास घालताना, केस विंचरताना, त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलायची नाही. मी स्वतःशी म्हणायची, आजारी माणसाची नजर अशीच असते.

सहा-सात महिन्यांत त्यांना थोडे शब्द यायला लागले. पाणी, नको, बास, पोराचं नाव. एकदा नणंद राहायला आली होती. आईला हसवावं म्हणून तिनं मोबाइल काढला आणि तो फोटो मोठा करून त्यांच्यापुढं धरला. बघ गं माय, तू कसली दिसायलीस, सगळ्या जिल्ह्यात तुझा फोटो फिरायलाय. तोवर त्यांना कुणी तो दाखवला नव्हता. मीच दाखवू दिला नव्हता. मी भाकरी करत होते. तिथून सगळं दिसत होतं.

आत्याबाईंनी बघितलं. मग डावा हात उचलून फोटोतल्या ओठाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं.

“वाकडं,” त्या म्हणाल्या.

नणंद म्हणाली, वाकडं कुठं, हसायलीस की. त्यांनी मान हलवली. मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, “सांगितलं. हुतं. तुला.”

काय सांगितलं होतं, असं नणंदेनं विचारलं, त्यांना आणि मग मला. मी म्हणाले, काय की. आणि भाकरी उलटली.

हजारो लोकांनी तो फोटो बघितला होता. पुण्याच्या त्या माणसानं बघितला होता, ज्याची सगळी हयात चेहरे बघण्यात गेली. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिनं पहिल्यांदा बघताच बोट ठेवलं.

नणंद गेल्यानंतरच्या रविवारी मी नवऱ्याला स्टुडिओत बोलावलं. सांगण्यापेक्षा दाखवावं असं वाटलं. खुर्ची दिली, फोटो ओळीनं लावले आणि बटण त्याच्याच हातात दिलं. तो आधी कौतुकानं बघत होता. मग त्याचा हात थांबला. मागं गेला. हळू सरकवत पुन्हा आला. वेळ कुठं दिसते, असं त्यानं विचारलं. मी दाखवली. मुंग्यांचं सांगितलं, पदराचं सांगितलं, ओठ हलतात म्हणाले तेही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बोलायला जागा मिळाली असती. त्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, “तुझी आई असती तर तुला दिसलं असतं.”

उत्तर तोंडात आलं होतं. तुमची तर आईच होती ना? सात महिने मोबाइलवर लावून हिंडलात, रस्त्यात गाडी थांबवून बघितलंत, तुम्हाला कुठं दिसलं? हे मी त्या दिवशी बोलले नाही आणि नंतरही नाही. बोलले असते तर आम्ही दोघं एका पारड्यात बसलो असतो, आणि ते त्याला सोसलं नसतं हे मला कळत होतं. पण त्याच्या बोलण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. माझी आई असती तर? मी खूपदा ती त्या स्टुलावर बसवून बघितलीय. पालमची, माझी, जिच्या कपाळावरची आठी मला शंभर पावलांवरून ओळखू येते. कधी वाटतं दिसलं असतं. कधी वाटतं, तिलाही मी म्हणाले असते, पाचच मिनिटं. आणि मग वाटतं की त्याचंच बरोबर असावं, कारण आईला मी कधी फोटोला बसवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन बोर्ड काढायचं सांगून आला. काय सांगितलं मला माहीत नाही. आठ दिवसांत आत्याबाई उतरल्या आणि तिथं एका शिकवणीच्या क्लासचा बोर्ड चढला. दुकानाचे मालक घरी येऊन गेले, हात जोडून बसले, आधी सांगायचं होतं ताई, म्हणाले. निघताना दारात घुटमळले आणि म्हणाले, त्याच सकाळचा, त्याच्या आधीचा एखादा असेल तर बघा, गिऱ्हाईक त्या फोटोचं विचारतं. माणूस वाईट नव्हता. मी नाही म्हटलं. पुढच्या लगीनसराईत त्यांनी नांदेडहून फोटोग्राफर आणला. तोही खिडकीला कापड लावतो, असं ऐकलं.

फोटो लोकांच्या मोबाइलवरनं मात्र उतरला नाही. तो उतरवणार कोण? अजून महिला दिनाला, मातृदिनाला कुठल्या तरी ग्रुपवर येतो. खाली कुणीतरी कविता चिकटवलेली असते. मी बघते, पुढं जाते.

आत्याबाई त्यानंतर दीड वर्ष होत्या. त्या मला परत काही बोलल्या नाहीत. बोलायला शब्द होते, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायच्याही नाहीत. ही माया होती की शिक्षा, मला कळलं नाही. त्यांना कदाचित त्यात फरक करायचाही नव्हता. गेल्या त्या भर दुपारी, माझा हात त्यांच्या पाठीखाली असताना.

दहाव्याला फोटो लागणार होता. घरात फोटोग्राफर असून घरच्या माणसाचा फोटो नव्हता. म्हणजे होते, पहिल्या दोन साड्यांमधले, सरळ चेहऱ्याचे. मी ते काढून ठेवले होते. नवऱ्यानं विचारलंही नाही. त्यानं त्यांचं मतदानाचं कार्ड नेलं आणि बाहेर कुठंतरी मोठं करून आणलं. भिंतीला खेटून, तोंडावर उजेड मारून काढलेला फोटो. कान पुढं आलेले, कपाळ चकाकतंय, डोळे दचकलेले, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी दोन घड्या, काळ्या, खोल. इतका वाईट फोटो मी शिकाऊ असतानाही काढला नसेल. तो आमच्या बाहेरच्या खोलीत लागलाय. येणारे म्हणतात, अगदी समोर बसल्यासारख्या वाटतात.

स्टुडिओ चालू आहे. आता परभणीतल्या पोरीही मऊ उजेडच मागतात. मोबाइलवर दुसऱ्यांचे बघून येतात आणि म्हणतात, असा पिवळा पिवळा पाहिजे. मी तसा काढून देते. फक्त कुणी वयस्कर माणूस आलं की आधी पडदा उघडून त्यांना दारात उभं करते, दोन्ही हात वर करायला सांगते, दात दाखवायला सांगते, स्वतःचं पूर्ण नाव विचारते. लोकांना वाटतं ताईंची काही पद्धत असेल. काही जण हसतात. हसले की मी ओठांची दोन्ही टोकं बघते.

आमचा संसारही चालू आहे. त्या रविवारचा विषय परत निघाला नाही. नवरा माझ्याशी चांगला वागतो, डबा चांगला झाला तर सांगतो, पालमला जायचं म्हटलं की सोडायला येतो. गेल्या महिन्यात त्याला चार दिवस ताप होता. जेवण जाईना, लघवी पिवळी व्हायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या, तर तो पलंगावर उठून बसला, दाराकडं तोंड केलं, बोटांनी डोळ्याची खालची पापणी ओढली आणि त्यांना म्हणाला, काकू, जरा बघा बरं, पिवळं दिसतंय का डोळ्यात.

मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या शेजारीच उभी होते.